लहानपणी फिट आलेल्या प्रौढ माणसाची शिकण्यातली अडचण: शोध कसा घ्यावा, शिकवावे कसे

माझा धाकटा भाऊ चौथ्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत फिटच्या गोळ्या घेत होता. फिट थांबल्या, डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या, तो मोठा झाला आणि पाचोऱ्याजवळच्या आमच्या शेतात माझ्या बरोबरीने राबू लागला. पण बँकेत पैसे काढण्याची स्लिप भरायची वेळ आली की तो पेन माझ्याकडे सरकवत असे. "माले वाचता येस, पन ध्यानमा ऱ्हास नही," असे तो अनेकदा सांगत असे आणि आम्ही ते कधी नीट ऐकून घेतले नाही, कारण घरात उत्तर आधीच ठरलेले होते: फिटने त्याचे डोके खाल्ले. एकतिसाव्या वर्षी त्याची पहिल्यांदा रीतसर तपासणी झाली, तेव्हा त्याची समज आणि विचारशक्ती आपल्यासारखीच आहे, ऐकलेले लक्षात ठेवणे आणि जोडाक्षरे वाचणे मात्र कच्चे आहे, आणि शिवाय रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व फार उतरलेले आहे, असे कळले. त्या धडपडीत आम्हाला जो क्रम उशिरा सापडला, तो जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या इतर घरांना लवकर सापडावा म्हणून येथे लिहीत आहे.

आधी फिट कोणती होती ते पाहावे

आपल्याकडे आकडी, फेफरे, मिरगी आणि झटके हे सगळे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण शिकण्याच्या दृष्टीने त्यांतला फरक मोठा आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर येणारी आकडी साधी असेल, म्हणजे ती संपूर्ण अंगाला आली, १५ मिनिटांच्या आत थांबली आणि २४ तासांत पुन्हा आली नाही, तर तिच्यामुळे पुढे बुद्धीवर किंवा अभ्यासावर परिणाम होत नाही. तुमच्या माणसाचा इतिहास एवढाच असेल, तर त्याच्या अडचणीचे कारण दुसरीकडे शोधायला हवे आणि त्या आकडीला दोष देणे आजच थांबवायला हवे.

ताप नसताना पुन्हा पुन्हा फिट येत असतील, तर त्याला अपस्मार म्हणतात, आणि येथे गोष्ट गुंतागुंतीची होते. जन्माच्या वेळी बाळ गुदमरणे, मेंदूज्वर, डोक्याला मार किंवा डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत झालेली गाठ यांपैकी काही घडले असेल, तर त्या मूळ इजेतून फिटही येतात आणि शिकणेही अवघड होते. म्हणजे फिट आणि अडचण हे एकाच मुळाचे दोन फाटे असतात. काही मुले पडत नाहीत, थरथरत नाहीत, फक्त काही सेकंद शून्यात बघत राहतात. शाळेत त्यांना 'तंद्री लागते' म्हणून मार बसतो आणि त्या हरवलेल्या सेकंदांत फळ्यावरचे वाक्य पुढे निघून जाते. कानाच्या मागे-पुढे असलेल्या मेंदूच्या भागातून फिट उठत असेल, तर स्मरणावर परिणाम होण्याचा संभव अधिक असतो, आणि तो भाग डावीकडचा असेल तर बहुधा शब्दांची आठवण कच्ची राहते.

मेंदूबाहेरची कारणेही तितक्याच गांभीर्याने मोजावीत. 'वर्गात फिट येईल' या भीतीने ज्याला दोन-तीन वर्षे घरीच ठेवले, त्याला न शिकवलेले येत नाही, यात अक्षमता कुठेच नाही. ज्याच्या घरात अहिराणी, पावरी किंवा भिलोरी बोलली जाते आणि ज्याला पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत शिकवले गेले, त्याचे मागे पडणे काही अंशी भाषेमुळे असते. आणि ज्याला लहानपणापासून 'याला जमणार नाही, राहू दे' असे ऐकवले गेले, तो प्रयत्न करणेच सोडतो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे आणि त्यात माझाही वाटा होता.

तीन गोष्टींची गल्लत मात्र होऊ देऊ नये. वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादीच गोष्ट अडते आणि बाकी समज चांगली असते, ती विशिष्ट अध्ययन अक्षमता. एकूण समज आणि रोजचे व्यवहार दोन्ही लहानपणापासून मागे असतात, ती बौद्धिक अक्षमता. लक्ष टिकत नाही किंवा ऐकलेले उरत नाही, तो अवधानाचा आणि स्मरणाचा प्रश्न, आणि फिटचा इतिहास असलेल्यांत तो फार वेळा सापडतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

दोन पानांचा इतिहास लिहावा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरात बसून हे काम करावे, कारण दवाखान्यात पाच मिनिटे मिळतात आणि आईला नेमके तेव्हाच काही आठवत नाही. आई, आजी, मावशी, शेजारची म्हातारी माणसे, ज्यांनी फिट डोळ्यांनी पाहिली, त्यांना त्यांच्याच शब्दांत बोलू द्यावे. 'किती मिनिटे' असे विचारले तर 'खूप वेळ' एवढेच उत्तर येते. 'शेजारच्याला हाक मारून तो येईपर्यंत चालू होती का, बैलगाडी जुंपून दवाखान्यात पोहोचेपर्यंत चालू होती का' असे विचारले तर वेळेचा अंदाज बांधता येतो. तारीख आठवत नसेल तर कोणाचे लग्न, कोणता दुष्काळ, कोणती इयत्ता यांवरून वर्ष काढावे. अंगाची एकच बाजू हलत होती का, मान एका दिशेला वळत होती का, नंतर तो हात काही वेळ लुळा पडला का, हे आवर्जून विचारावे. बाळंतपण घरी झाले की दवाखान्यात, बाळ लगेच रडले का, हेही लिहावे.

कांदा किंवा वहाण हुंगवली, हातात किल्ली दिली, असे घरचे सांगतील. त्यावरून त्यांना आता बोल लावू नये. त्यांनी भीतीपोटी जे माहीत होते ते केले. मात्र फिट आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला जाते, हे पुढच्या पिढीला समजावून सांगावे.

शाळेची कागदपत्रे या कामात सोन्याच्या मोलाची असतात. जुन्या शाळेत जाऊन गुणपत्रके आणि हजेरीची नोंद मागावी. आमच्या भावाच्या गुणपत्रकांत गणिताचे गुण बरे आणि भाषांचे गुण सतत तळाशी होते. ही गोष्ट इतकी वर्षे ट्रंकेत पडून होती आणि कोणी वाचली नव्हती. जुनी वही सापडली तर तीही जपावी, कारण कोणती अक्षरे गाळली आणि कोणती उलटसुलट केली हे तिच्यात जसेच्या तसे दिसते.

चाचणीआधी शरीराची तपासणी

पहिला प्रश्न असा की फिट खरोखर थांबल्या आहेत का. सकाळी उठल्यावर जीभ चावलेली असणे, अंथरूण ओले होणे, अंग ठेचल्यासारखे दुखणे, बोलता बोलता काही क्षण हरवणे, ओठ किंवा हात विनाकारण चाळवणे, या खुणा दिसत असतील तर रात्री किंवा दिवसा बारीक फिट चालू असू शकतात, आणि त्या चालू असताना घेतलेली बुद्धीची चाचणी त्या माणसावर अन्याय करते. ई.ई.जी., म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, एकदा सामान्य आला म्हणजे अपस्मार नाही असे ठरत नाही, आणि एम.आर.आय., म्हणजे मेंदूच्या चित्रात, अध्ययन अक्षमता दिसत नाही. हे दोन्ही अहवाल मूळ कारणासाठी असतात.

दुसरा प्रश्न औषधांचा. फेनोबार्बिटोन हे जुने आणि स्वस्त औषध अनेकांना वर्षानुवर्षे चालू असते आणि त्याने सुस्ती येते, लक्ष मंदावते. टोपिरामेटने काही जणांना बोलताना शब्द सापडत नाही. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटे दाखवून 'याने शिकण्यावर परिणाम होतो आहे का, बदलता येईल का' असे डॉक्टरांना थेट विचारावे. पण गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, एक दिवसही नाही, कारण अचानक बंद केल्याने न थांबणारी फिट येऊन जीव जाऊ शकतो. घरात मूल होण्याच्या वयाची स्त्री सोडियम व्हॅल्प्रोएट घेत असेल, तर गर्भ राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. या औषधाने पोटातल्या बाळाच्या वाढीवर आणि पुढे त्याच्या शिकण्यावरही परिणाम होऊ शकतो.

त्यानंतर साध्या तपासण्या येतात: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, डोळे आणि कान. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या सगळ्याच पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजांमध्ये सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात लहान वयातच मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून कोणाला न कळता इजा होऊ शकते आणि त्यातून फिट व अभ्यासातली घसरण दोन्ही उद्भवू शकतात. म्हणून तेथील माणसाची सिकलसेलची रक्ततपासणी झालेली नसेल तर ती जरूर करून घ्यावी. उदासपणा, दारू आणि अपुरी झोप यांबद्दलही लाज न बाळगता सांगावे. शेतीला रात्रीची वीज असली की आपल्याकडे माणूस रात्रभर बारे देत जागतो. जागरणाने फिट उसळते आणि दुसऱ्या दिवशी काही लक्षात राहत नाही. ज्याला अपस्मार आहे त्याच्याकडे रात्री पिकाला पाणी देण्याचे काम सोपवू नये, आणि विहिरीच्या काठावरचे काम व ट्रॅक्टरही नको.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत; तेथे औषधवैद्यकशास्त्र (मेडिसिन) आणि मानसोपचार या दोन्ही विभागांत दाखवावे. कोठे जावे हेच कळत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मोफत आहे.

मानसशास्त्रीय चाचणी

ही चाचणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने घ्यायची असते आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असायला हवी. तो क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. अहवालात बिने-कामत हे नाव दिसले तर ती बुद्धिमापनाची जुनी चाचणी समजावी. तिच्या जोडीने वाचन, लेखन, गणित, स्मरण आणि अवधान यांची वेगवेगळी मोजणी झाली आहे की नाही ते पाहावे. केवळ एक बुद्ध्यांक हातात देऊन कोणी वाटेला लावत असेल तर ती तपासणी अपुरी आहे, कारण त्या एका आकड्यावरून उद्या काय शिकवायचे हे कळत नाही.

चाचणीच्या सुरुवातीलाच 'घरी आम्ही अहिराणी बोलतो' किंवा 'पावरी बोलतो' हे स्पष्ट सांगावे आणि ते अहवालात लिहून घ्यावे. आमच्या वेळी आधी एका ठिकाणी भावाला पुस्तकी मराठीत वस्तूंची नावे विचारली गेली. त्याने अहिराणीत बरोबर नावे सांगितली आणि ती चूक धरली गेली. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी त्याला आधी त्याच्याच बोलीत गप्पा मारू दिल्या, सूचना दोनदा समजावल्या, आणि तोच माणूस वेगळा दिसू लागला. फिट येऊन गेल्यावर काही दिवस जाऊ द्यावेत, रोजच्या गोळ्या वेळेवर घेऊन जावे, चष्मा विसरू नये, आणि अहवाल आल्यावर तो ज्याचा आहे त्याच्या समोर, त्याला कळेल अशा भाषेत समजावून देण्याची विनंती करावी. माझ्या भावाला 'तुमची समज चांगली आहे' असे वयाच्या एकतिसाव्या वर्षी प्रथम कोणी सांगितले, आणि परतताना तो चाळीसगावपर्यंत एक शब्द बोलला नाही.

घरी शिकवण्याची रीत

प्रौढाला पहिलीचे पुस्तक देऊ नये. त्याचा अपमान होतो आणि त्यातल्या शब्दांचा त्याला काही उपयोगही नसतो. त्याच्या रोजच्या व्यवहारात येणारे पंचवीस-तीस शब्द निवडावेत: खाते, क्रमांक, रक्कम, हस्ताक्षर, क्विंटल, सर्वे, दुरुस्ती, त्याच्या गावाचे आणि माणसांचे नाव. दिवसाला २० मिनिटे पुरतात, पण ती रोज हवीत, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर घ्यावीत, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कोणाचेच डोके चालत नाही.

सुरुवात बोलीतून करावी. त्याने एक वाक्य सांगावे, 'मी वावरमा जास'; ते तसेच लिहावे आणि त्यालाच वाचायला द्यावे. स्वतः उच्चारलेले वाक्य असल्याने अर्थाचा भार राहत नाही आणि सगळे लक्ष अक्षरांकडे देता येते. मग त्याच्या खाली 'मी शेतात जातो' लिहावे आणि कोणता तुकडा कशाच्या जागी आला ते बोट ठेवून दाखवावे. सारखी दिसणारी अक्षरे, म्हणजे घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर आठवड्याने दुसरे घ्यावे. देवनागरीत सर्वांत जास्त अडते ते र या अक्षरापाशी, कारण 'अर्ज', 'क्रमांक', 'ट्रक' आणि 'दुसऱ्या' या चार शब्दांत त्याची चार रूपे आहेत. प्रत्येक रूपाला एक आठवडा द्यावा आणि तोवर बाकीची तीन समोर आणू नयेत. जोडाक्षर आधी तोडून हळू म्हणावे, मग जोडून म्हणावे, मग हाताने मोठे लिहावे. मातीवर काडीने लिहिले तरी चालते.

ऐकलेले उरत नसेल तर पुनरावृत्तीची वेळ ठरवावी: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने. एका बैठकीत वीस वेळा घोकून घेण्यापेक्षा हे चार वेळा विचारणे जास्त टिकते. काम सांगताना एका वेळी एकच सांगावे आणि 'कळले का' असे न विचारता 'आता काय करणार ते मला सांग' असे विचारावे. भाऊ ज्या दुकानात हंगामाबाहेर जातो तेथील शेठजींना आम्ही ही एवढीच विनंती केली, आणि त्यांनी मालाच्या खोक्यांवर रंगीत पट्ट्याही लावून दिल्या.

संख्यांचा त्रास असेल तर तो काही अंशी आपल्या संख्यानामांचा असतो हे लक्षात ठेवावे. ६७ लिहिताना ६ आधी येतो आणि म्हणताना 'सदुसष्ट' मध्ये सात आधी येतात; ५९ ला एकोणसाठ म्हणताना तर साठाचा उल्लेख होतो, जो अंकांत कुठेच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ सात' अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. भाषेच्या अंगाने त्या वादात काय खरे ते विद्वानांनी ठरवावे. पण ज्याला अंक उलटे ऐकू येतात त्याला घरात निःशंकपणे 'साठ सात' म्हणू द्यावे, व्यवहार बरोबर झाल्याशी मतलब. कॅल्क्युलेटर वापरणे ही फसवणूक नव्हे. बाजार समितीतून आलेली हिशेबपट्टी घेऊन वजन गुणिले भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, हा एकच हिशेब महिनाभर करवून घ्यावा. पाढ्यांपेक्षा त्याची गरज त्याला आधी आहे.

मोबाइल हे या कामातले सर्वांत मोठे साधन आहे. मराठी कीबोर्डवर बोलून लिहिता येते, कॅमेऱ्यासमोर कागद धरला की फोन तो वाचून दाखवतो, आणि बायको किंवा मुले लांबलचक संदेश लिहिण्याऐवजी आवाजात पाठवू शकतात. औषधाच्या वेळेचा गजरही फोनवर लावावा.

एक गोष्ट मात्र वाचनाच्या आधी शिकवावी. कापसावर फवारणी करणाऱ्याला कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण ओळखता आलाच पाहिजे: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मात्रेचे माप दुसऱ्याने वाचून डब्यावर खूण करून द्यावी, आणि हे काम त्याच्या अंदाजावर कधीही सोडू नये.

कागदपत्रे आणि परीक्षा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता हे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. अपस्मार मात्र स्वतंत्र प्रकार म्हणून त्या यादीत नाही. म्हणून 'मला लहानपणी मिरगी होती' एवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही, शिकण्यातली अडचण मोजून दाखवावी लागते. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर करतात आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्के किंवा अधिक प्रमाण लागते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या पुढे देऊन १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासण्याची पद्धत होती आणि चाचण्याही मुळात शालेय मुलांसाठीच्या आहेत. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या गेल्या. त्यामुळे प्रौढ माणूस पहिल्यांदाच अर्ज करत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दिव्यांग मंडळाला आजचा नियम लेखी विचारून मगच फेऱ्या सुरू कराव्यात. जुनी गुणपत्रके आणि वह्या येथेही कामी येतात, कारण अडचण लहानपणापासून होती याचा तोच पुरावा असतो.

दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ ही सवलत दिव्यांग उमेदवारांसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवून दिली. ४० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण असूनही लिहिणे खरोखर अडत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार यांच्या प्रकरणात दिलेल्या निकालाचा आधार घेऊन लेखनिक मागता येतो. त्यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र सूचनाही निघाल्या. अर्ज परीक्षेच्या बऱ्याच आधी, प्रमाणपत्रासह द्यावा आणि पोच घ्यावी.

लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट लपवली जाते म्हणून एवढेच लिहितो की अपस्मार हा हिंदू विवाह कायद्यात विवाह रद्द होण्याच्या कारणांत होता, तो १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला आहे. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग त्या चुकतात.

दर सहा महिन्यांनी काय पाहावे

एका वहीत महिन्याला एकदा त्याच्या हाताने तारीख, आपले नाव, एक वाक्य आणि एक हिशेब लिहून घ्यावा. सहा महिन्यांनी मागची पाने उलटली की प्रगती त्याची त्यालाच दिसते, आणि ती फार हळू असते हे आधीच मान्य करून ठेवावे. माझ्या भावाला स्लिप स्वतः भरायला चौदा महिने लागले. याच वहीत उलटेही दिसू शकते: जे येत होते ते जाऊ लागले, अक्षर बिघडू लागले, ओळखीच्या वाटेवर गोंधळ होऊ लागला, तर ती अध्ययन अक्षमता नव्हे, कारण तिच्यात शिकलेले नाहीसे होत नाही. अशा वेळी वही आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. फिट पुन्हा आली तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.